जुन्या गोव्याची पायवारी आणि सातवीतल्या पोराचा प्रश्न

सप्टेंबर २०२५ मधली गोष्ट. रविवारी मिस्सा झाल्यावर मी चर्चमध्ये मुलांचा धर्मशिक्षणाचा क्लास घेते, सहावी सातवीची पोरं, कोण घरी मराठी बोलणारी, कोण कोंकणी, दोन-तीन कन्नड. त्या दिवशी त्रैक्याचा धडा होता. देव एकच, तरी पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा. मी दरवर्षी सांगते तेच सांगितलं, की बघा पाणी एकच, पण फ्रीजमध्ये ठेवलं की बर्फ, गॅसवर ठेवलं की वाफ, तसा देव एक आणि रूपं तीन. पोरांना पटलं. तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक जण उठून म्हणाला, टीचर, तेच पाणी एकाच टायमाला बर्फ आणि वाफ दोन्ही कसं होईल, येशू यार्देन नदीत बाप्तिस्मा घेत होता तेव्हा तर तिघं एकदमच होते की, येशू पाण्यात उभा, आत्मा कबुतरासारखा खाली येतोय आणि आकाशातनं बाप बोलतोय.

मला उत्तर आलं नाही. पुढच्या रविवारी सांगते म्हटलं, आणि पुढच्या रविवारी विषयच काढला नाही. हे मला फार लागून राहिलं. वीस वर्षं मी हा क्लास घेते आणि रोज सकाळ-संध्याकाळ ज्याच्या नावानं क्रुसाची खूण करते तो कसा आहे हेच मला एका पोराला सांगता येईना.

म्हणून यंदा चालत जायचं ठरवलं. ३ डिसेंबरला संत फ्रान्सिस झेवियरचं फेस्त, म्हणजे सण, असतो जुन्या गोव्यात, आमच्या बेळगाव भागातनं दरवर्षी लोक चालत जातात, जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाट उतरून केरी, साखळी असं शंभरेक किलोमीटर. मी लहानपणापासून बसनं नाहीतर कुणाच्या गाडीनं गेलेली. आई असताना तिच्याबरोबर, आई गेल्यावर या सहा वर्षांत एकटी.

२९ नोव्हेंबरला शनिवारी पहाटे निघालो, चाळीसेक माणसं, सामानाला एक टेम्पो. सेमिनरीत, म्हणजे फादर व्हायला शिकतात तिथं, शिकणारे एक ब्रदर होते. खानापूरकडच्या एक आजी होत्या, बहात्तर वर्षांच्या, अकराव्यांदा चालत होत्या. आणि आमच्या गल्लीतले काका, गळ्यात तुळशीची माळ, आषाढीला पंढरपूर न चुकवणारे. काकूंनी कधीतरी लेकीच्या आजारपणात गोव्याच्या सायबाला, म्हणजे संत फ्रान्सिसलाच, नवस बोललेला, तो फेडायच्या आधीच काकू गेल्या, मग काका म्हणाले तिचं राहिलेलं मी चालतो. आमच्याकडं यात कुणाला काही वेगळं वाटत नाही.

पिरनवाडी सोडेपर्यंत उजाडलं. जपमाळ चालू होती, पहिलं रहस्य, म्हणजे जपमाळेचा पहिला भाग, मराठीत, दुसरं कोंकणीत, तिसरं कन्नडमध्ये, ज्याला जे येतंय तो ते मोठ्यानं म्हणतोय. शेतात भात कापून पडलेलं, काही ठिकाणी मळणी चालू. पहिला दिवस अंगातल्या जोरावर निघून गेला, त्यातलं सांगण्यासारखं एवढंच की काका माझ्या बरोबरीला येऊन म्हणाले, पोरी, एक विचारू काय, तुमचं ते बाप, लेक आणि आत्मा म्हणजे आमचं ब्रह्मा विष्णू महेशच की, एक करतो, एक सांभाळतो, एक संपवतो.

मी हो म्हणणारच होते. काकांना बरं वाटलं असतं आणि मलापण सुटल्यासारखं झालं असतं. पण ब्रदर मागनं ऐकत होते, ते म्हणाले काका, आमच्यात कामं वाटून दिलेली नाहीत, मंत्र्यांची खाती असतात तसं नाही, जग केलं ते तिघांनी मिळून, तारण करतात ते तिघं मिळून, एक देव तीन ठिकाणी वाटला तर प्रत्येकाच्या वाट्याला देवाचा तिसरा हिस्सा येईल, तसं नाही, पिता पूर्ण देव, पुत्र पूर्ण देव, आत्मा पूर्ण देव आणि देव तीन नाहीत. काका बराच वेळ गप्प चालले आणि मग म्हणाले, मग अवघड हाय.

अवघड आहेच. त्यात आपल्या भाषेतला शब्द आणखी गोंधळ करतो, आपण 'तीन व्यक्ती' म्हणतो आणि मराठीत व्यक्ती म्हटलं की डोळ्यासमोर बाकावर बसलेली तीन माणसं येतात. पहिल्या शतकांतल्या लोकांचीपण यावरनं झोप उडालेली. ते मला ब्रदरनी जांबोटीला रात्री सांगितलं, कारण आम्ही निघालो त्याच्या आदल्याच दिवशी पोप लिओ तुर्कस्तानात इझनिकला जाऊन प्रार्थना करून आले होते, त्याचा व्हिडिओ सगळे मोबाईलवर बघत होते. इझनिक म्हणजे जुनं निकाया. इसवी सन ३२५ मध्ये तिथं बिशपांची परिषद बसली, २०२५ ला त्याला १७०० वर्षं झाली. भांडण काय होतं तर इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाचा आरिअस नावाचा धर्मगुरू सांगत होता की पुत्र मोठा खरा, पण देवानं निर्माण केलेला, तो नव्हता असाही एक काळ होता. परिषदेनं सांगितलं नाही, पुत्र पित्याच्याच तत्त्वाचा आहे, निर्माण केलेला नाही. मिस्सेत आपण जो विश्वासांगिकार म्हणतो त्याचा गाभा तिथला, आणि पवित्र आत्म्याबद्दलचा भाग ३८१ मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेत वाढवला. मी आयुष्यभर ते पाठ म्हणत आले, त्यातल्या एकेका शब्दावर माणसं देशोधडीला लागलीत हे मनात कधी आलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आगमनकाळाचा, म्हणजे नाताळच्या तयारीच्या दिवसांचा, पहिला रविवार. एक फादर गाडीनं आले आणि झाडाखाली मिस्सा झाली. यशयाचं वाचन होतं, चला, आपण परमेश्वराच्या पर्वतावर चढून जाऊ. पायात मोजे चढवत ऐकलं ते.

कणकुंबीला पोचेपर्यंत ऊन चढलं होतं. तिथं माउलीचं देऊळ आहे आणि तिथंच मलप्रभेचा उगम. काका दर्शनाला गेले, आम्ही बाहेर सावलीत बसलो. पाणी बघून मला एकदम सुचलं आणि मी ब्रदरना म्हटलं, मिळालं बघा, झरा, त्यातनं निघालेली नदी आणि पुढं शेतात गेलेला पाट, तिन्ही वेगळे आणि पाणी एकच, आणि तिन्ही एकाच टायमाला आहेत! ब्रदर हसले. म्हणाले हे कार्थेजच्या तेर्तुल्यन नावाच्या ख्रिस्ती लेखकानं अठराशे वर्षांपूर्वी सांगून ठेवलंय, लॅटिनमध्ये त्रैक्याला शब्द वापरणारा पहिला तोच. तुमच्या बर्फापेक्षा हे पुष्कळ बरं, पण हेपण पुरत नाही. ही मलप्रभा इथनं निघून पार कूडलसंगमला कृष्णेला मिळते, उगमापासून लांब जाते, आणि झरा आधी, नदी नंतर. पुत्र पित्यापासून लांब जात नाही आणि नंतरचा नाही.

नंतरचा नाही कसा, मी म्हटलं, बाप आधीच असणार की.

काका तोवर देवळातनं आले होते. ते खाली बसत म्हणाले, नाही गं, मी ८४ साली बाप झालो, पोरगी झाली तवा. त्याच्या आधी मी नुसता माणूस होतो, बाप नव्हतो. पोर आलं की बाप होतो माणूस.

ब्रदर एकदम ताठ बसले. म्हणाले काका, हेच! आपण माणूस आधी आणि बाप नंतर. पण देव आधी नुसता देव आणि मग कधीतरी पिता झाला असं नाही, तो कायमच पिता आहे. मग पुत्रपण कायमच असणार. आरिअसला अलेक्झांड्रियाच्याच बिशप अथनासिअसनं हेच उत्तर दिलं होतं.

मला तिथं काय झालं ते नीट सांगता येईल की नाही माहीत नाही. योहानाच्या पहिल्या पत्रात 'देव प्रीती आहे' असं आहे, मी त्याचा अर्थ देव फार प्रेमळ आहे एवढाच घेत आले होते. पण प्रेमळ असणं वेगळं आणि प्रीतीच असणं वेगळं. जग नव्हतं, आपण कुणी नव्हतो, तेव्हा तो कुणावर प्रेम करत होता? एकटाच असता तर प्रेम करायला आपण होईपर्यंत थांबावं लागलं असतं, म्हणजे त्याला आपली गरज लागली असती. तसं नाहीच. पिता पुत्रावर प्रेम करतोय, पुत्र पित्यावर, आणि ते प्रेम म्हणजे आत्मा, असं संत ऑगस्टीननं मांडलंय, आणि हे जगाच्या आधीपासून चालूच आहे. आई गेल्यावर मी दोन खोल्यांत एकटी राहते, संध्याकाळी आवाज असावा म्हणून रेडिओ लावते, आणि देवाची प्रार्थना करताना माझ्या मनात वर कुठंतरी एकटाच बसलेला कुणी असायचा, माझ्यासारखाच. तो एकटा नव्हताच कधी. एकटेपणाला कंटाळून त्यानं आपल्याला केलेलं नाही, आधीच भरलेल्या घरात आपल्याला बोलावलंय. मी कणकुंबीला त्या दगडावर बसून रडले, आजींनी काही न विचारता पाण्याची बाटली पुढं केली.

रात्री चोर्ल्याला ताडपत्रीचं पाल टाकून झोपलो. थंडी, दव, बाजूला कुणीतरी घोरतंय. ब्रदर म्हणाले योहानाच्या शुभवर्तमानात 'शब्द देही झाला आणि त्याने आमच्यामध्ये वस्ती केली' असं आहे ना, तिथं ग्रीकमध्ये वस्तीला जो शब्द आहे तो तंबू ठोकण्याचा आहे. म्हणजे आमच्यात पाल टाकलं त्यानं. मग मला निकायाचं भांडण कशासाठी होतं ते कळलं. पुत्र देव नसेल तर पाल टाकून आपल्यात राहिला तो देव नाही, देवानं पाठवलेला निरोप्या. क्रुसावर कुणीतरी दुसराच मेला आणि देव वरच राहिला. काका अंधारात म्हणाले, आमचा विठ्ठल पण भक्तासाठी विटेवर उभा राहिला. मग थोड्या वेळानं म्हणाले, पण मेला नाही. तेवढंच बोलले आणि कूस बदलली. सगळं एकच आहे असं त्यांनी म्हटलं नाही आणि मीपण म्हटलं नाही, आणि त्यामुळंच मला ते जास्त जवळचे वाटले.

सोमवारी घाट. चढापेक्षा उतार वाईट, हे ज्यानं चालून बघितलंय त्यालाच कळेल, गुडघे थरथरतात आणि अंगठा बुटात पुढं पुढं जातो. माझ्या टाचेचा फोड फुटला. रहस्य कुठलं चालू आहे ते कळेना, जपमाळेतली नमो मारिया प्रार्थना तोंडातनं निघेना, पाऊल टाकलं की आई गं, एवढंच. आजींना म्हटलं, आजी, प्रार्थना होईना माझ्याच्यानं. आजी चालता चालता म्हणाल्या, कण्हतीस नव्हं? मग झाली की. पौलानं रोमकरांना लिहिलंय, काय मागायचं ते आपल्याला कळत नाही तवा आत्मा आपल्यासाठी कण्हतो. तू नुसती चाल.

आजी चौथी शिकलेल्या. पण त्या दिवशी ब्रदरनीपण वही काढली. कारण त्यांनी सांगितलं त्यात सगळं होतं, मी ज्याच्याकडं चाललेय तो पिता, माझ्या बाजूनं चालतोय तो पुत्र, आणि माझ्या आत कण्हतोय तो आत्मा. मी इतकी वर्षं बाहेर उभी राहून फळ्यावरचं गणित बघितल्यासारखं त्रैक्य बघत होते, एक अधिक एक अधिक एक बरोबर एक कसं. आणि घाटात मी त्याच्या आतच चालत होते.

केरी, साखळी, आमोणे, माशेल, बाणस्तारी, पायांनी मोजलेली गावं, पण पाय सुजल्यामुळं मला त्यातलं फारसं आठवत नाही. साखळीला एका घरात गरम पाण्यात मीठ घालून पाय बुडवायला दिलं, ते आठवतं.

मंगळवारी दुपारनंतर जुन्या गोव्यात सायबाच्या बॉम जीझस चर्चला पोचलो. गेल्या वर्षी सायबाच्या अवशेषांचं प्रदर्शन होतं, तेवढी गर्दी यंदा नव्हती, तरी रांग मोठी होती. काकांनी काकूंच्या नावानं मेणबत्ती लावली. मी आत गेले. लहानपणापासून या बसिलिकेत मी फक्त उजवीकडं सायबाच्या पेटीकडं बघत आले. यावेळी पहिल्यांदा मुख्य वेदीकडं मान वर करून बघितलं. सोन्याच्या मुलाम्यात संत इग्नेशियसचा मोठा पुतळा आहे, तो वर बघतोय, त्याच्या वर येशूच्या नावाची अक्षरं, आणि त्याच्याही वर पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा. आई मला कडेवर घेऊन इथं उभी राहायची तेव्हापासून ते तिथं होते.

७ तारखेला क्लास होता. टाचेला पट्टी होती म्हणून बसूनच घेतला. पोरांना सांगितलं की बर्फ आणि वाफेचं मी चुकीचं सांगितलं होतं, ते पुसून टाका. मग काकांचं ८४ सालचं सांगितलं, आजींचं कण्हणं सांगितलं, आणि म्हटलं आता सगळ्यांनी क्रुसाची खूण सावकाश करा, रोजच्यासारखी घाईत नको. पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने. आमेन.

मागच्या बाकावरचा हात वर आला. टीचर, तिघं आहेत तर 'नावांनी' पाहिजे ना, 'नावाने' का?

त्या दिवशी क्लास अर्धा तास उशिरा सुटला.