लॉग फाइल पुसली, पण जागा काही सुटली नाही

गेल्या आठवड्यात रात्री अकराच्या सुमारास आमच्या एका सर्व्हरची डिस्क पूर्ण भरली आणि डेटाबेसने नव्या नोंदी घेणे थांबवले. अ‍ॅप्लिकेशनची लॉग फाइल (प्रोग्रॅम आपल्या कामाच्या नोंदी लिहितो ती) २६ जीबीपर्यंत फुगली होती. चाचणीसाठी बारीकसारीक सगळे नोंदवणारी डीबग पातळी सुरू करून ती बंद करायला विसरलो तो मीच, त्यामुळे दुसऱ्या कोणाला बोल लावण्याची सोय नव्हती. घाईघाईने ती फाइल ‘आरएम’ कमांडने उडवली आणि डिस्कवरची भरलेली जागा दाखवणारी ‘डीएफ’ कमांड चालवून पाहिली, तर डिस्क अजूनही शंभर टक्के भरलेलीच. डिरेक्टरीतल्या फाइलींची जागा मोजणारे ‘डीयू’ मात्र त्याच डिरेक्टरीत जेमतेम ३०० एमबी दाखवत होते.

लिनक्समध्ये फाइलचे नाव ही डिरेक्टरीतली केवळ एक नोंद असते; खरी फाइल म्हणजे त्या नोंदीमागचा आयनोड (फाइलची माहिती ठेवणारी अंतर्गत नोंद) आणि त्याचे ब्लॉक (डिस्कवरचे डेटाचे तुकडे). प्रोग्रॅमने फाइल एकदा उघडली की तो आपल्याजवळच्या डिस्क्रिप्टरवर (उघड्या फाइलला मिळालेल्या क्रमांकावर) लिहीत राहतो, नावाकडे पुन्हा पाहतही नाही. त्यामुळे नाव पुसले तरी जोवर एखाद्या प्रोसेसने (चालू प्रोग्रॅमने) ती फाइल उघडी ठेवली आहे तोवर कर्नल (लिनक्सचा गाभा) जागा मोकळी करत नाही. ‘डीयू’ नावे धरून मोजते आणि ‘डीएफ’ थेट फाइल सिस्टमला विचारते, म्हणून दोघांचे हिशेब जुळत नव्हते. उघड्या फाइलींची यादी देणाऱ्या ‘एलएसओएफ’ने ती फाइल ‘डिलीटेड’ अशा शेऱ्यासह दाखवली. अ‍ॅप्लिकेशन रीस्टार्ट केले असते तर चालू व्यवहार तुटले असते, म्हणून ‘प्रॉक’ या चालू प्रोसेसची माहिती दाखवणाऱ्या डिरेक्टरीतल्या त्या डिस्क्रिप्टरमार्फत फाइल शून्यावर आणली. फाइल अपेंड मोडमध्ये (दर वेळी फाइलच्या शेवटी लिहिणाऱ्या) उघडलेली होती, हे नशीब. नाहीतर पुढची ओळ जुन्याच अंतरावर लिहिली गेली असती आणि आधीचा सारा भाग पोकळ दिसला असता.

जुने लॉग बाजूला काढून नवी फाइल सुरू करणारे लॉगरोटेट वापरतानाही हाच पेच पडतो. ते फाइलचे नाव बदलते, पण अ‍ॅप्लिकेशन जुन्याच आयनोडवर लिहीत राहते. एनजिनएक्स या वेब सर्व्हरला यूएसआर१ सिग्नल (प्रोसेसला दिलेला इशारा) दिला की ते लॉग फाइल नव्याने उघडते. आपण लिहिलेल्या अ‍ॅप्लिकेशनमध्ये ही सोय आपणच करावी लागते. लॉगरोटेटमधला ‘कॉपीट्रंकेट’ (फाइलची नक्कल काढून मूळ रिकामी करणे) हा सोपा पर्याय मला पटत नाही, कारण नक्कल पूर्ण होणे आणि मूळ फाइल रिकामी होणे यांमधल्या क्षणी आलेल्या ओळी हरवू शकतात. पायथॉनमध्ये मी आता ‘वॉच्डफाइलहँडलर’ वापरतो; तो प्रत्येक ओळीआधी आयनोड तपासतो आणि बदलला असेल तर फाइल पुन्हा उघडतो. आकार वाढला की स्वतःच फाइल बदलणारा ‘रोटेटिंगफाइलहँडलर’ एकाच प्रोसेससाठी ठीक आहे, पण आमच्याकडे चार वर्कर (एकाच वेळी चालणाऱ्या प्रोसेस) असल्याने ते चौघे एकमेकांच्या पायाखालची फाइल ओढू लागतात.

आणखी एक गोष्ट उशिरा लक्षात आली. लॉगरोटेटमध्ये आकाराची मर्यादा १०० एमबी लिहिली होती, पण ती तपासली जाते लॉगरोटेट चालते तेव्हाच, आणि आमच्याकडे ते दिवसातून एकदाच चालत असे. आता ते दर तासाला चालते.

सर्व्हरचे घड्याळ यूटीसीवर (भारतीय वेळेपेक्षा साडेपाच तास मागे) असल्याने आपल्या रात्री ११:०८ ला आलेली चूक लॉगमध्ये १७:३८ अशी दिसते, आणि पहिली दहा मिनिटे मी भलत्याच ओळी वाचत बसलो होतो. फाइल रिकामी करण्याआधी शेवटच्या हजार ओळी दुसऱ्या मशीनवर घ्यायला हव्या होत्या. त्या संध्याकाळी अडकलेल्या एका पेमेंटच्या नोंदी त्यातच होत्या.