आगाखान पॅलेसमधल्या कैदी बायका

आज नगर रोडवरच्या आगाखान पॅलेसमध्ये गेले होते. त्या कमानी, ती हिरवळ बघून इथे कैदी ठेवले होते हे पटतच नाही. ऑगस्ट १९४२ मध्ये गांधीजींबरोबर सरोजिनी नायडू, मीराबेन, डॉ. सुशीला नय्यर इथे स्थानबद्ध होत्या. आणि कस्तुरबा! गांधीजींना पहाटे अटक झाली, तेव्हा शिवाजी पार्कच्या सभेत मी बोलते म्हणाल्या, म्हणून त्यांनाही पकडलं. केवढं धैर्य! आपण त्यांच्याबद्दल फार कमी बोलतो, याचं खरंच वाईट वाटतं. त्या सुटल्याच नाहीत. २२ फेब्रुवारी १९४४ ला, महाशिवरात्रीच्या दिवशी इथेच गेल्या. अंत्यसंस्कारही याच आवारात झाले. गांधीजींचे सचिव महादेवभाई देसाई यांच्या समाधीशेजारी त्यांची समाधी आहे. पुणेकरांनो, मुलींना घेऊन जा, समाधीपर्यंत नक्की जा.