तुम्ही विचारलंत म्हणून: दारात काय विचारलं होतं?

व्याख्यान संपून चहाचे कप हातात आले की कुणीतरी जवळ येतं आणि विचारतं, "तुम्ही ते जाडजूड अहवाल सोपे करून सांगता, म्हणजे नेमकं काय करता हो? अवघड शब्द काढून टाकता?" काहींचा सूर जरा खोचक असतो: "सोपं करताना दुधात पाणी पडत नाही का?" गावोगावच्या वाचनालयांतून हा प्रश्न ऐकलाय, घरच्या लग्नातही ऐकलाय. दर वेळी मी घाईत काहीतरी बोलून वेळ मारून नेते. आज जरा बैठक मारून सांगते.

पुण्यातल्या एका संशोधन संस्थेसाठी मी 2010 पासून मराठी सारांश लिहिते. रेशन, मजुरी, शाळा, गरिबी असे विषय. मूळ मजकूर इंग्रजीत, साठ-सत्तर पानांचा. माझ्या वाट्याला चार पानं. पहिलं वर्षभर मी खरंच शब्द काढायचंच काम केलं. 'दरडोई उपभोग खर्च' खोडून 'माणशी घरखर्च' लिहायचं, की झालं. हे करावंच लागतं, पण ते तासाभराचं काम आहे. त्यानं वाचक दुसऱ्या पानापर्यंत पोचतो, एवढंच.

मग सप्टेंबर 2011 उजाडला. नियोजन आयोगानं सर्वोच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्र दिलं आणि देशभर एकच आकडा घुमू लागला: 32 रुपये. शहरात दिवसाला माणशी 32 रुपयांपेक्षा जास्त खर्च करणारा गरीब नाही, खेड्यात ही मर्यादा 26. टीव्हीवर लोक 32 रुपयांत काय येतं ते बाजारात जाऊन दाखवू लागले. त्याच आठवड्यात हडपसरच्या एका वस्तीत बचत गटाच्या बैठकीला मला बोलावणं आलं, "ताई, ते बत्तीस रुपयांचं काय ते सांगा."

मी तयारी जोरात केली होती. आकड्यामागची पद्धत अर्थतज्ज्ञ सुरेश तेंडुलकर यांच्या समितीची, 2009 च्या अहवालातली. तेंडुलकर तीन महिन्यांपूर्वीच, जूनमध्ये, पुण्यात वारले होते. स्वतःच्या आकड्याची बाजू मांडायला ते नव्हते. आणि बाजू होती. समितीच्या आधीच्या रेषेनं 2004-05 साली खेड्यांतले 28.3 टक्के लोक गरीब ठरत होते, समितीनं रेषा वर उचलल्यावर तेच 41.8 टक्के झाले. जुन्या रेषेनं धरलं होतं की शाळा आणि दवाखाना सरकार पुरवतं. लोक त्यासाठी पदरचे पैसे घालतात हे या समितीनं हिशेबात घेतलं. म्हणजे ज्या माणसाच्या नावानं 'गरिबांची संख्या कमी दाखवली' म्हणून बोटं मोडली जात होती, त्यानं ती संख्या वाढवली होती. हे सांगितलं की बायका चकित होतील, अशी माझी खात्री होती.

कुणी चकित झालं नाही. पुढच्या रांगेतल्या एका मावशींनी विचारलं, "पण हे बत्तीस रुपये काढले कुणाला विचारून?"

माझ्याकडे उत्तर होतं, पण ते चौथ्या पानाच्या तळाशी, बारीक टायपात होतं. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाचे लोक निवडलेल्या घरांत जातात, लांबलचक प्रश्नावली घेऊन बसतात: महिन्यात तांदूळ किती, ज्वारी किती, तेल किती, चप्पल, साबण, वह्या, औषधं. असे देशभरातल्या घरांचे हिशेब जमतात, त्यातून पुढची गणितं. हे सांगायला लागल्यावर मात्र बैठक हलली. "माझ्या जावेकडं आले होते, दोन तास बसवून ठेवलं." "तेल आम्ही सुटं आणतो, वीस-वीस रुपयांचं, ते कसं सांगायचं?" "बाहेरचा वडापाव धरतात का?" अर्धा तास मी फक्त ऐकत होते. त्या बायका सर्वेक्षणाच्या पद्धतीवर बोलत होत्या, आणि चांगलं बोलत होत्या.

तेव्हापासून माझी रीत बदलली. अहवाल हातात आला की मी निष्कर्ष वाचत नाही. परिशिष्टात प्रश्नावली असते, ती आधी काढते. कुणीतरी कुणाच्या तरी दारात उभं राहून काहीतरी विचारलं होतं, त्याचं काय उत्तर आलं आणि ते कुठल्या चौकटीत लिहिलं, इथून सुरुवात करते. आकडा जिथं जन्मला त्या उंबऱ्यापर्यंत वाचकाला परत नेऊन सोडायचं. तुम्ही विचारता ते 'सोपं करणं' माझ्यापुरतं एवढंच आहे, कारण उंबरा सगळ्यांच्या ओळखीचा असतो. निष्कर्षावर माणूस फक्त विश्वास ठेवू शकतो किंवा शिव्या देऊ शकतो. प्रश्नावर तो बोलू शकतो.

याचं माझं आवडतं उदाहरण 1999-2000 च्या सर्वेक्षणाचं. त्या फेरीनंतर देशातली गरिबी 36 टक्क्यांवरून 26 वर आल्याचं जाहीर झालं. सहा वर्षांत दहा टक्के, म्हणजे मोठीच मजल. पण त्या वेळी खाण्याच्या जिनसांबद्दल एकाच बैठकीत दोनदा विचारलं गेलं होतं: गेल्या सात दिवसांत किती, आणि गेल्या तीस दिवसांत किती. आता तुमच्या आईला विचारून बघा, या आठवड्यात तेल किती लागलं. ती म्हणेल, पाव किलो. लगेच विचारा, महिन्याला किती? ती आठवणार नाही, चारानं गुणेल. हल्लीचं जास्त आठवतं, म्हणून आठवड्याचा आकडा आधीच जरा फुगलेला असतो. मग त्याच्या मागोमाग महिन्याचाही फुगतो, आणि कागदावर घर थोडं सुखवस्तू दिसू लागतं. या एका गोष्टीवर अर्थतज्ज्ञ पुढं कित्येक वर्षं भांडले. ज्यांना पुढं 2015 साली नोबेल मिळालं त्या अँगस डीटन यांनीही यातला गुंता सोडवण्यात बरंच डोकं घातलं. त्यांची गणितं मला पूर्ण कळतात असा दावा मी करणार नाही. पाव किलो तेलाचं मात्र मला कळतं, आणि वाद तिथूनच सुरू झाला होता.

कधी कधी अडतं ते अवघड शब्दावर नाही, सोप्या शब्दावर. 'दारिद्र्यरेषा' हा शब्द आता कुणाला नवा नाही. लातूरकडच्या एका गावात मी पाऊण तास या रेषेवर बोलले. एक आजोबा उठले आणि म्हणाले, "समदं खरं बाई, पर माझं नाव रेषेत का नाही?" संशोधकाच्या लेखी रेषा म्हणजे खर्चाचा एक आकडा. आजोबांच्या लेखी रेषा म्हणजे ग्रामपंचायतीतली यादी, जिच्यावर तेव्हा घरकुल मिळणार की नाही ते ठरायचं. दोन्ही वेगळ्या रस्त्यांनी तयार होतात. यादी 2002 च्या पाहणीतून झाली, तेरा प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते चार गुण, एकूण 52. त्यातला एक प्रश्न घरातल्या माणसांकडं माणशी कपडे किती असा आहे: दोनपेक्षा कमी तर शून्य, दहा किंवा जास्त तर चार. शाळेत जास्त गुण मिळाले तर पेढे वाटतात. इथं जास्त गुण मिळाले की नाव गेलं. त्यात तिसरी भानगड रेशनकार्डाची. 1999 पासून आपल्याकडं पिवळं, केशरी, पांढरं अशी कार्डं आली, पिवळ्याला वर्षाच्या 15,000 रुपये उत्पन्नाची मर्यादा. म्हणजे एकाच माणसाची गरिबी तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी मोजली जायची, आणि तिन्हींना गावात एकच शब्द होता. आमच्या सारांशांत तोवर हा फरक कधीच नव्हता. संशोधकांना तो इतका उघड वाटतो की लिहावासाच वाटत नाही, आणि मलाही तोवर सुचलं नव्हतं.

आता दुधातल्या पाण्याबद्दल. घातलंय, मी स्वतः घातलंय.

गरिबी मोजण्याची गोष्ट सांगायची तर पुण्यातच यावं लागतं. गोखले अर्थशास्त्र संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी 1971 साली दिवसाला माणशी 2,250 उष्मांक मिळवायला किती खर्च लागतो ते धरून रेषा काढली: 1960-61 च्या किमतींनी खेड्यात महिन्याला 15 रुपये, शहरात साडेबावीस. त्या हिशेबानं खेड्यांतले 40 टक्के आणि शहरांतले 50 टक्के लोक खाली राहिले. यावर आक्षेप घेतला पां. वा. सुखात्म्यांनी. ते साताऱ्याकडचे, संख्याशास्त्रज्ञ, आयुष्यभर जगाच्या भुकेचा हिशेब केलेले. त्यांचं म्हणणं, सरासरीपेक्षा कमी खाणारा प्रत्येक जण उपाशी धरू नका.

हे समजवायला मी एक झकास दाखला तयार केला होता. एका आईचे दोन मुलगे, एक तीन भाकऱ्या खातो, दुसरा पाच, दोघंही धडधाकट. सरासरी चार. मग तीनवाला उपाशी का? टाळ्या पडायच्या. एका कार्यक्रमानंतर संख्याशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक थांबले, गर्दी पांगू दिली, आणि हळूच म्हणाले, "बाई, दाखला छान आहे. पण सुखात्म्यांच्या म्हणण्यातला कळीचा मुद्दा दोन मुलांचा नाही. एकाच मुलाचा आहे. तोच मुलगा, तेच काम, सोमवारी पाच भाकऱ्या, गुरुवारी तीन. शरीर मागेपुढे करून सांभाळून घेतं, असं ते म्हणत होते. तुमचे दोन मुलगे दांडेकरांनाही मान्य झाले असते."

घरी येऊन मी मूळ लेख पुन्हा वाचला. सर बरोबर होते. दोन माणसांतला फरक कुणालाच नवा नव्हता. भांडण होतं ते एकाच शरीराच्या चढउतारावर, आणि त्यावरून उपाशी किती धरायचे यावर. माझ्या दाखल्यानं वाद सोपा केला नव्हता, वादच गायब केला होता. शिवाय ऐकणाऱ्यांना आपल्याला सगळं कळलं असं वाटत होतं, हे त्याहून वाईट. आता मी एकच मुलगा सांगते. टाळ्या कमी पडतात, लोक भुवया उंचावतात, कुणीतरी म्हणतं, "असं चालतं होय? गुरुवारी कमी खाल्लं तर शुक्रवारी कामावर दिसतंच की." वाद तोच आहे, आणि तो अजूनही वाद आहे.

संशोधकांबद्दलही थोडं बोलते, नाहीतर सगळा दोष माझ्याच पदरात. मराठी मसुदा दाखवला की बहुतेक जण एकच दुरुस्ती करतात: जिथं मी 'या घरांपुरतं' लिहिलेलं असतं तिथं बोट ठेवून म्हणतात, "हे राहू द्या हं." ते मला आवडतं. उलटा अनुभव छापणाऱ्यांचा. एका दैनिकानं माझ्या लेखातला 'बहुधा' काढून टाकला होता, जागा नव्हती म्हणून. तीन अक्षरं!

हडपसरची गोष्ट मात्र अर्धी राहिली. बैठक संपताना त्या पहिल्या मावशी गटाची हिशेबाची वही घेऊन आल्या. पाच माणसांच्या घराला महिन्याला किती होतात ते त्यांनी काढलं होतं: 32 गुणिले 30 गुणिले 5, म्हणजे 4,800. माझ्या कागदावर महिन्याला माणशी 965, पाच जणांचे 4,825. आणि नंतर, ऑक्टोबरात, पेपरात नियोजन आयोगाचा खुलासा आला त्यात पाच जणांच्या कुटुंबाला 4,824. मावशींनी फोनच केला. "ताई, पंचवीस रुपयांचं समजलं, तुम्ही रोजच्या 32 रुपयांवरचे पैसे सोडून दिले. पण हा एक रुपया कुठं गेला?"

मी म्हटलं, मावशी, 965 हाही बहुधा पैसे धरून पुरा केलेला आकडा आहे, मूळ जरासा कमी असणार.

"मग तसं लिहायचं ना खाली," त्या म्हणाल्या. "आमच्या वहीत असा रुपया हलला तर गटात भांडणं लागतात."

आता लिहिते.