उणे गुणिले उणे

"ऋण गुणिले ऋण धन. पण का?" लेकीने पेन्सिल खाली ठेवली. या आठवड्यात घरीच शिकवतेय, आणि गणित नेमकं इथे अडलं.

मग पाढा उलटा लिहायला घेतला. ३ गुणिले उणे २ म्हणजे उणे ६. पुढे २ ला उणे ४, १ ला उणे २, शून्याला शून्य. दर पायरीला २ वाढतायत.

"म्हणजे उणे १ ला अधिक २ च यायला हवं!" हे तिचं तिनेच शोधलं.

यात सकाळ गेली. भूगोल राहिला, राहू दे. या वयाचं मूल कारण विचारतं तेव्हा घड्याळ बघू नये, असं मला मनापासून वाटतं. पण भरलेल्या वर्गात, एका तासिकेत, शिक्षकांनी हे कसं जमवायचं?