तुम्ही विचारलंत म्हणून: मिरगाचे किडे गेले कुठे?

गावी गेले की कुणी ना कुणी विचारतंच, काय गं, तू मातीतले किडे बघतेस ना, मग ते मिरगाचे लाल मखमली किडे हल्ली दिसत का नाहीत, हवामान बदललं म्हणून मेले का सगळे? दरवेळी बांधावर उभ्या उभ्या अर्धवट काहीतरी सांगते आणि घरी आल्यावर चुटपुट लागते, म्हणून यावेळी नीट लिहितेय.

पहिली गोष्ट, तो किडा नक्षत्र बघून येत नाही. वर्षातला बहुतेक काळ तो जमिनीखालीच असतो, पहिला चांगला पाऊस मुरला की वर येतो, वाळवी खातो, किड्यांची अंडी खातो, जोडीदार शोधतो आणि परत खाली जातो. (आठ पाय असतात त्याला, म्हणजे कोळ्याच्या नात्यातला.) आजीच्या वेळी तो पाऊस 7 जूनच्या आसपास यायचा म्हणून मिरगाचं नाव चिकटलं. आता बघा, 2023 ला मान्सून मुंबईत पोचला 25 जूनला आणि 2025 ला 26 मेला. दोन वर्षांत महिनाभराचा फरक! माझ्या वहीत आमच्या माणदेशातल्या रानातली 2025 ची नोंद मेच्या शेवटच्या आठवड्यातली आहे, तुम्ही शोधायला गेलात मिरग लागल्यावर.

मग काळजी नाहीच का, तर आहे, आणि खूप आहे. आम्ही माती तपासतो तेव्हा ती नरसाळ्यात जाळीवर ठेवतो, वर बल्ब लावतो आणि खाली बाटली. ही युक्ती बर्लेस नावाच्या इटालियन माणसाची, 1905 ची, तेव्हा तो गरम पाण्याने माती तापवायचा, बल्ब नंतर आला. माती वरून सुकत जाते तसे आतले जीव ओल शोधत खाली सरकतात आणि शेवटी बाटलीत पडतात. मी हे शेकडो वेळा केलंय आणि तरी दरवेळी वाटतं की मे महिन्यात उघड्या रानावर हेच चाललेलं असतं, जमिनीचा वरचा थर 50 अंशांच्या वर तापतो आणि सगळे खाली निघतात. पण खाली जाणं सगळ्यांना जमत नाही. स्प्रिंगटेल म्हणून पिसवेसारखा उडणारा बारीक जीव असतो, त्याला बीळ खणता येत नाही, जी फट आहे तिच्यातूनच जायचं, आणि वर राहणाऱ्या जाती अंगाने मोठ्या, त्या खालच्या फटीत मावतच नाहीत. खोलवर राहणारे पांढरे, आंधळे, आखूड पायांचे असतात, ते कोरड पडली की अंगातली साखर वाढवून हवेतली वाफ ओढून घेतात, निदान त्यातल्या एका जातीत तरी हे प्रयोगात पक्कं दिसलंय. गांडुळाची तऱ्हा आणखी वेगळी, ते खाली छोटी पोकळी करतं, तिला आतून चिकट सारवण करतं आणि अंगाची गाठ मारून पडून राहतं.

म्हणजे उन्हाळा काढायचं या सगळ्यांना माहितीय, हजारो पिढ्यांपासून. मला भीती वाटते ती फसव्या पावसाची. मेमध्ये जोरात पडला, गाठ सुटली, सगळे वर आले, अंडी घातली आणि मग तीन आठवडे कडक ऊन. ओल गेली की पातळ कातडीचा जीव काही तासांत जातो, परत गाठ मारायला वेळच मिळत नाही.

म्हणून कुणी विचारलं की मी दुसरं काही सांगत नाही, रान उघडं ठेवू नका, पाचट जाळू नका, बांधावरचा पाला तिथेच पडू द्या, त्याच्याखाली हात घालून बघा किती गार लागतं. आमच्या धाकट्या दिरांनी गेल्या वर्षी उसाच्या अर्ध्या पट्ट्यात पाचट ठेवलं, अर्ध्यात जाळलं. या मेमध्ये दोन्हीकडची ओंजळभर माती मी नरसाळ्यात लावली. पाचटाखालच्या मातीची बाटली सकाळपर्यंत हलत होती, दुसरीत दोन माइट (मिरगाच्या किड्याचे बारीक भाऊबंद) आणि एक मुंगी.