हीटर न्यावा की न न्यावा

डिसेंबर उजाडला की आमच्या घरी दरवर्षी एक प्रश्न माळ्यावरून खाली उतरतो. खानापूर तालुक्यातल्या कणकुंबीच्या मुक्कामाला तो गॅसचा छोटा हीटर न्यावा की न न्यावा?

बेळगावला गरिबांचे महाबळेश्वर म्हणतात, त्यामुळे थंडीच्या बाबतीत आम्ही बेळगावकर थोडे बढाईखोर आहोत. पहाटेचा पारा १२-१३ अंशांवर आला की आमच्या कानटोप्या बाहेर पडतात. हिमालयातल्या माणसाला हे सांगायची सोय नाही. मलप्रभेचा उगम असलेल्या कणकुंबीची उंची सुमारे ७९२ मीटर, म्हणजे पाऱ्याच्या हिशेबाने फार काही नाही. पण तिथली थंडी ओली असते. मित्राच्या शेतात आम्ही तंबू ठोकतो, आणि रात्रभर दव असे पडते की सकाळी तंबूचे कापड पिळून वाळत घालावेसे वाटते.

हीटर घेतला तो या दवाच्याच रागाने. पहिल्या वर्षी तंबूचे दार अर्धे उघडे ठेवून मी तो वीस मिनिटे पेटवला आणि आत अगदी चैत्र आणला. विझवल्यावर दहा मिनिटांत चैत्र संपला, आणि वर छतातून कपाळावर थेंब पडू लागले. हीटरच्या डब्यातला ब्युटेन वायू जळताना पाणी तयार होते, हे शाळेत शिकलो होतो. २२५ ग्रॅमचा एक डबा पूर्ण जळला तर सुमारे ३५० ग्रॅम पाण्याची वाफ होते, हा हिशेब मात्र मी दुसऱ्या दिवशी ओल्या उशीवर बसून मांडला. दवावर उपाय म्हणून मी घरचेच दव बरोबर नेले होते.

ओली उशी तरी वाळते. बंद तंबूत हवा कमी पडली की ज्योत कार्बन मोनॉक्साइड सोडू लागते. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशेपटींहून अधिक ओढीने चिकटतो. झोपलेल्या माणसाला गुदमरल्याची जाणीवही होत नाही. मित्राच्या वडिलांना यातले रसायन ठाऊक नसावे, पण त्यांनी हीटरकडे पाहून एवढेच विचारले, "आत आग घेऊन झोपूलास काय रे?" तंबूपुरता प्रश्न तिथेच मिटला.

मग तो दरवर्षी पुन्हा का निघतो? कारण संध्याकाळी पडवीत बसताना गुडघ्यांना ऊब हवी असते, आणि वाळल्या गवताच्या शेजारी शेकोटी पेटवणे बरे नव्हे. उघड्यावर हीटरचा विषारी वायू साचत नाही, हे मान्य; पण तो समोरच्या माणसाचे फक्त गुडघे शेकतो, पाठ थंडच राहते, आणि त्याच्याभोवती चौघे बसले तर तिघांना नुसता उजेड मिळतो. शिवाय रात्रीची खरी थंडी हवेतून येतच नाही, ती खालून येते. जमीन अंगातली ऊब शोषत राहते, हे मला अंगावर एकावर एक वाकळी घेऊनही कुडकुडल्यावर उमगले. खानापूर तालुका भाताचा. मळणीनंतर पिंजराला, म्हणजे भाताच्या पेंढ्याला, तोटा नाही. हातभर पिंजर, त्यावर सतरंजी, वर वाकळ, आणि पायाशी मोज्यात गुंडाळलेली गरम पाण्याची स्टीलची बाटली. बाटलीचे झाकण दोनदा तपासावे, हे अनुभवाने सांगतो. एवढ्यावर मध्यरात्र सहज उलटते. पहाटे थोडी हुडहुडी भरते, पण त्या वेळी तसेही चुलीवर चहा चढलेला असतो.

यंदा डिकीत वाकळी, सतरंजी, तंबू आणि भांड्यांची पिशवी बसल्यावर कोपऱ्यात हातभर जागा उरली. तिच्यात हीटर बसतो का, हे मी गुपचूप पाहिले. बसला. पत्नीने तो उचलून बाहेर ठेवला, तिथे कांद्याबटाट्यांची पिशवी सरकवली आणि डिकी लावली. मी किल्ली शोधण्याच्या निमित्ताने दुसरीकडे पाहिले.