गुडघ्याचं बटण

ताम्हिणी घाटात ऐन वळणावर दिवे गेले. ऑगस्टचा महिना, धुकं इतकं की बोनेटच्या पुढं रस्ता आहे हे निव्वळ विश्वासावर मानायचं. हेडलाइटचा अपर मारला की समोर पांढरी भिंत उभी राहते, म्हणून मी बंपरला लावलेल्या दोन पिवळ्या दिव्यांवर चाललो होतो. त्यांचा झोत बुटका आणि रुंद, धुक्याच्या पोटाखालून सरपटत जाणारा. रस्त्याच्या कडेची पांढरी रेघ तेवढी दाखवतो, पण तेवढीच हवी असते. ती रेघ एकदम पुसली गेली. मी ब्रेकवर जवळजवळ उभाच राहिलो. बायको "अहो!" एवढंच म्हणाली. डॅशबोर्डखाली हात घालून बटण चाचपलं, खाली केलं, रेघ परत आली. पुढच्या वळणावर पुन्हा गेली.

तिसऱ्या वळणानंतर बायकोनं शोध लावला. "तुम्ही क्लचवरचा पाय उचललात की दिवे जातात."

हसण्यासारखं होतं, पण खरं होतं. आमची जीप जुनी. आधीच्या मालकाला दिव्यांचा भारी षोक. पुढं दोन, टपावर दोन, मागं एक. एवढ्यांची बटणं कुठं बसवायची, म्हणून त्यानं स्टिअरिंगच्या डाव्या अंगाला, डॅशबोर्डच्या खालच्या कडेला एक लोखंडी पट्टी ठोकून तिच्यात पाच टॉगल ओळीनं बसवले होते. दुकानात उभं राहून पाहिलं तर नजरेत भरणारी रचना. फक्त ती बरोबर डाव्या गुडघ्याच्या वर येते, हे दुकानात उभं राहून कळत नाही. आणि आपल्याकडं घरातलं बटण खाली केलं की चालू होतं. अमेरिकेत उलटं, तिथं वर म्हणजे चालू. बसवणाऱ्यानं इमानदारीनं घरच्यासारखं बसवलं, त्यामुळं गुडघा वर आला की बटण वर, दिवा बंद. घाटात दुसरा गिअर टाकायचा म्हणजे क्लच आलाच, आणि दुसरा गिअर लागतो तो वळणावरच. म्हणजे जिथं उजेड सगळ्यात जास्त हवा, नेमका तिथंच तो विझायची सोय केलेली होती.

परत येताना मी डावा गुडघा फाकवून, तबल्याला बसल्यासारखा, क्लच दाबत पुण्यापर्यंत आलो.

घरी आल्यावर मी माझ्या बुद्धीनं इलाज केला. नट सैल करून बटण उलटं फिरवलं. आता गुडघा लागला तर दिवा बंद व्हायचा प्रश्न नाही, झालाच तर चालू होईल. आणि तो होऊ लागला. कर्वे रोडच्या गर्दीत क्लचला काय तोटा? भर दुपारी माझे पिवळे दिवे लागलेले, पुढच्या स्कूटरवाल्यानं आरशात बघून हात नाचवला. एका सिग्नलला पोलिसानं खिडकीशी वाकून शांतपणे विचारलं, "साहेब, कोथरूडला धुकं पडलंय का?"

शेवटी गाडी नाना पेठेत नेली. तिथं फुटपाथला लागून एक म्हातारे ऑटो इलेक्ट्रिशियन बसतात, सगळे त्यांना चाचा म्हणतात. चाचांनी आधी बॅटरीची निगेटिव्ह काढून बाजूला केली, मग पट्टीचे स्क्रू काढून ती उलटी केली आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत.

मागं शेवयांचा गुंता होता. लाल वायर मधेच हिरवी झालेली, हिरवीला काळी जोडलेली, सांधे नुसते पिळून वर चिकटपट्टी. इंजिनाच्या उष्णतेनं त्या पट्टीचा डिंक पाघळून काकवीसारखा ओघळलेला. इंजिन आणि पाय ठेवायची जागा यांच्या मधल्या पत्र्यातून वायर आत आली होती त्या भोकाला ग्रोमेट, म्हणजे धारेपासून वायर वाचवणारी रबरी कडी, नव्हतीच. पत्र्याची धार वायरच्या कातड्यात अर्धी उतरलेली. चाचांनी तो भाग नखानं वर करून मला दाखवला. आत तांबं चमकत होतं.

"हे पेटलं नाही ते नशीब," ते म्हणाले. "आणि फ्यूज?"

फ्यूज नव्हता.

मग त्यांनी मला टॉगलला हात लावायला सांगितला. आल्या आल्या त्यांनी धुक्याचे दिवे दहा मिनिटं चालू ठेवले होते, ते कशासाठी हे आता कळलं. बटण गरम होतं. पंचावन्न वॉटचे दोन दिवे, म्हणजे ११० वॉट. बारा व्होल्टनं भागलं तर नऊ अँपिअरच्या वर. तो सगळा प्रवाह बॅटरीकडून डॅशबोर्डखाली येत होता, या चिमुकल्या बटणातून जाऊन पुन्हा पुढं बंपरपर्यंत पळत होता. एवढ्या वाटेत थोडे व्होल्ट वायरच खाते, म्हणून दिवेही जरा पेंगुळलेले. मला वाटायचं काच मळलीये.

चाचांनी डब्यातून काळा चौकोनी रिले काढला. त्याच्या पोटावर चार आकडे छापलेले असतात: ३०, ८५, ८६, ८७. हे आकडे मूळचे जर्मन मानकातले, पण नाना पेठेत ते पाढ्यासारखे पाठ आहेत. "तीसला बॅटरी, सत्त्याऐंशीला दिवा, शहाऐंशीला बटण, पंच्याऐंशीला अर्थ." जड प्रवाह बॅटरी, रिले, दिवा असा पुढच्या पुढं, जाड वायरीतून जवळच्या वाटेनं जातो. बटणाकडं येतो तो फक्त रिलेतल्या छोट्या चुंबकाला जागं करण्यापुरता, पाव अँपिअरपेक्षाही कमी. बटणाचं काम आता हुकूम सोडण्यापुरतं. ओझं वाहणारे वेगळे. त्यामुळं बारीक वायर चालते, आणि मुख्य म्हणजे बटण गाडीत कुठंही नेता येतं. पंधरा अँपिअरचा फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावर बसला, कारण फ्यूजच्या अलीकडची वायर कुठं घासली तर तिला वाली नसतो. अर्थचा, म्हणजे वायर गाडीच्या पत्र्याला जोडणारा, स्क्रू लावताना त्यांनी खालचा रंग पॉलिश पेपरनं खरवडून लखलखीत पत्रा काढला. रंगावर स्क्रू आवळला तर अर्थ नीट लागत नाही. अर्थ लागत नाही म्हणून मिणमिणणारं बरंच काही आयुष्यात पाहिलंय, त्यात हेही एक.

टपावरचे दोन स्पॉट लाइट चाचांनी विचारलेही नाहीत, काढूनच ठेवले. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १११ वा नियम गाडीच्या पुढच्या बाजूला स्पॉट लाइट किंवा सर्च लाइट लावायला मनाई करतो. अपवादात्मक कारण असेल आणि नोंदणी अधिकाऱ्याची आधी परवानगी घेतली असेल तरच मुभा. चाचांना नियमाचा नंबर माहीत नव्हता. "समोरच्याला आंधळं करायचं काय काम?" एवढंच त्यांचं म्हणणं. पाचातली दोन बटणं अशी गेली.

पाचव्या बटणाची गोष्ट सांगायला मला लाज वाटते. ते कशाचं आहे हे मला कधीच कळलं नव्हतं. पण पावसाळ्यात लांब निघालो की मी ते न चुकता चालू करत असे. असू दे, काहीतरी असेल. चाचांनी त्याची वायर हातानं माग काढत काढत नेली. ती खांबातून उतरून माझ्या सीटखाली गेली, आणि तिथं तिला एक गाठ मारून सोडून दिलेली होती. चार वर्षं मी एक गाठ चालू-बंद करत होतो.

राहिली दोन बटणं: धुक्याचे दिवे आणि मागचा जादा दिवा. ती कुठं बसवायची? मी डॅशबोर्डच्या पत्र्यावर बोट ठेवून सांगितलं, इथं. चाचांनी ड्रिल उचललंच नाही. "भोक पाडायला दोन मिनिटं लागतात. बुजवायला गॅरेज लागतं. आठ दिवस चिकटवून फिरा, मग या." दोन मोडके टॉगल त्यांनी दुहेरी चिकटपट्टीनं मी दाखवलेल्या जागी लावून दिले. वायर नाही, काही नाही, नुसती सोंगं.

तो आठवडा मजेत गेला. रात्री जेवून झालं की मी पार्किंगमध्ये जीपमध्ये जाऊन बसायचो, डोळे मिटायचे, गिअर टाकल्यासारखं करायचं आणि हात बटणाकडं न्यायचा. पहिल्या दिवशी हात हवेत. दुसऱ्या दिवशी पट्टी आणखी उजवीकडं चिकटवली, तर हात स्टिअरिंगच्या आऱ्यावर आपटला. हळूहळू लक्षात आलं की घाटात डावा हात दोनच ठिकाणी राहतो, गिअरच्या दांडीवर आणि स्टिअरिंगवर, आणि एकावरून दुसरीकडं जाताना तो एका ठरावीक वाटेनं जातो. बटण त्या वाटेवर पाहिजे, वाट वाकडी करून नाही. हे समाधान चेहऱ्यावर पसरत असतानाच काचेवर टकटक झाली. वॉचमन काका टॉर्च घेऊन उभे. "साहेब, तब्येत बरी आहे ना? वहिनींना बोलावू?"

वहिनींना बोलावलंच. गाडी तीही चालवते, आणि सीट माझ्यापेक्षा चार बोटं पुढं घेऊन. तिनं बसून हात नेला, तर माझी नामी जागा तिच्या कोपराजवळ. "ही बटणं फक्त तुमच्या हाताच्या मापानं शिवताय का?" मग म्हणाली, "मिसळणाच्या डब्यात मोहरीची वाटी कुठं असते, सांगा." मला सांगता येईना. "मलाही सांगता येत नाही. पण फोडणीच्या वेळी हात तिथंच जातो. आणि तुम्ही परवा डबा घासून वाट्या कशाही लावल्यात, तेव्हा कढईत मेथ्या पडल्या." ती भाजी मी निमूटपणे खाल्ली होती.

चौथ्या जागेवर आमच्या दोघांच्या हातांची तडजोड झाली. गिअरच्या दांडीच्या सरळ वर, डॅशबोर्डच्या मधोमध, तिला थोडं जवळ आणि मला थोडं लांब.

नाना पेठेत परत गेलो. बारा मिलिमीटरची दोन भोकं, कडा कानशीनं घासलेल्या, गंज चढू नये म्हणून रंगाचा एक हात. पण दोन्ही टॉगल सख्ख्या भावांसारखे. अंधारात ओळखायचे कसे? मी लेबलं चिकटवायचा विषय काढला. चाचांनी माझ्याकडं दयेनं पाहिलं, "अंधारात वाचणार?" आणि खणातून सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचा तुकडा काढला. थुंकी लावून तो धुक्याच्या दिव्यांच्या टॉगलवर सरकवला. एक बटण रबरी, दुसरं गुळगुळीत धातूचं. पुणं सायकलींचं शहर होतं त्या काळातली ती ट्यूब असावी, तिला टाल्कम पावडरीचा वास होता.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या बी-१७ बाँबफेकी विमानांचे वैमानिक विमान सुखरूप उतरवून झाल्यावर भलतंच बटण दाबायचे. मिटायचे असायचे फ्लॅप, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या, आणि मिटायची चाकं, मग धावपट्टीवर उभं विमान पोटावर बसायचं. दोन्ही बटणं शेजारी शेजारी आणि दिसायला सारखीच. १९४३ मध्ये आल्फॉन्स चॅपनिस या तरुण मानसशास्त्रज्ञाच्या ते ध्यानात आलं. त्यानं चाकांच्या बटणावर रबराचं छोटं चाक बसवलं, फ्लॅपच्या बटणावर पाचरीसारखा तुकडा, आणि घोटाळा थांबला. आजही विमानात चाकांच्या दांडीची मूठ चाकासारखी असते. चाचांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "बरोबर केलं त्यानं," आणि मागच्या दिव्याची वायर ओढायला गाडीखाली सरकले.

जुनी पट्टी काढल्यावर तिथं स्क्रूची दोन भोकं राहिली. त्यांत काळे रबरी बूच बसवलेत. पुढचे दोन महिने माझा हात पहिल्यांदा त्या बुचांवर जायचा, मग ओशाळून वर यायचा. चांदणी चौकातही माझं असंच होतं. तिथला जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ च्या मध्यरात्री पाडला, पुढच्या ऑगस्टमध्ये नवी रचना सुरू झाली, रस्ते सरळ झाले, पाट्या ठसठशीत लागल्या. तरी मुळशीकडं निघालो की मी जुन्या सवयीनं लेन धरतो आणि भलत्याच रॅम्पला लागतो. बायको काही बोलत नाही. मोबाइल बोलतो.

परवा पुन्हा ताम्हिणीत गेलो. पौडपर्यंत मी चालवली, पुढं तिनं घेतली. मुळशीचं पाणी मागं पडलं आणि धुकं आलं, आधी झाडांच्या शेंड्यांवर, मग रस्त्यावर. तिनं गिअर खाली घेतला. दांडीवरून वर येता येता तिचं बोट त्या रबरी बटणावर टेकलं, आणि बोलणं न तोडता तिनं ते खाली केलं. पांढरी रेघ उमटली. वळण आलं, गेलं. दुसरं आलं, गेलं. दिवे जागेवर.

तिसऱ्या वळणावर तिनं माझ्या पायांकडं पाहिलं. डाव्या सीटवर बसून मी रबरी चटई कचकचून दाबत होतो, डावा गुडघा दाराच्या बाजूला फाकवून, तबल्याला बसल्यासारखा.

"अहो," ती म्हणाली, "तिकडं क्लच नाहीये."